रक्तसाक्ष
(ठाणे, १३२१)

श्रद्धेची कबुली नाकारून जीव वाचवण्यापेक्षा ती देऊन प्राण गमावणे पत्करणे, या ख्रिस्ती कल्पनेला मराठी ख्रिस्ती समाजात ‘रक्तसाक्ष’ म्हणतात. तिच्या मुळाशी असलेल्या ‘मार्तुस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ नुसता ‘साक्षीदार’ असा आहे. मृत्यूचा अर्थ त्याला पुढे चिकटला. ठाण्यात १३२१ च्या एप्रिलमध्ये हे दोन्ही अर्थ एकाच प्रसंगात एकत्र आले.

तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्रियस हे चौघे फ्रान्सिस्कन बंधू (संत फ्रान्सिसने स्थापलेल्या निर्धनतेचे व्रत पाळणाऱ्या संघाचे सदस्य) इराणच्या आखाताच्या मुखाशी असलेल्या होर्मुझ बंदरातून केरळमधील कोल्लमकडे निघाले होते, पण त्यांचे जहाज ठाण्याला लागले. त्यांपैकी थॉमसला, संघाने निर्धनतेचे व्रत कडकपणे पाळावे या आग्रहापायी, पूर्वी स्वतःच्याच संघाने तुरुंगात टाकले होते. ठाण्यात नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडील एका वेगळ्या ख्रिस्ती पंथाच्या, लोकांची थोडी घरे होती व त्यांतल्याच एका घरी हे बंधू उतरले. पुढील हकिकत प्रामुख्याने ओदोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाने दिली आहे. यजमानाने पत्नीला मारहाण केली, तिने काझीकडे दाद मागितली आणि पाहुण्यांना साक्षीसाठी बोलावण्यात आले. पीटर सामान राखायला घरी थांबला. घरगुती भांडणाची ही चौकशी धर्मचर्चेवर गेली, आणि थेट प्रश्न आल्यावर तिघांनी उत्तर गुळमुळीत ठेवले नाही.

याच हकिकतीतला पुढचा भाग भक्तिपर कथनात बहुधा झाकोळून जातो. स्थानिक मलिकाने, म्हणजे शहराच्या अधिकाऱ्याने, त्यांना शहर सोडून जाण्यास सांगितले, तेव्हा ते खाडीपलीकडे गेले आणि तिथे एका ख्रिस्तीतर घराने त्यांना आसरा दिला. म्हणजे मिळालेली सुटका त्यांनी नाकारली नव्हती. ९ एप्रिलला, मागावर पाठवलेल्या माणसांनी त्यांना रात्री गाठून ठार केले. पीटरचा मृत्यू ११ तारखेला झाला.

हे वर्तन चर्चच्या शिकवणीशी जुळते. एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळून जा, असे मत्तयकृत शुभवर्तमानात (१०:२३) येशूच सांगतो. कार्थेजचा बिशप सिप्रियन २५० मध्ये छळाच्या काळात लपून राहिला, त्याबद्दल टीका सोसली, आणि २५८ मध्ये श्रद्धा न सोडता मारला गेला. तोही संतच मानला जातो. मृत्यू ओढवून घेणे म्हणजे पावित्र्य नव्हे. मात्र सुरक्षिततेची किंमत म्हणून श्रद्धा नाकारावी लागत असेल, तर ती किंमत मोजायची नाही.

त्यांच्याबरोबर ठाण्याला आलेला, पण त्या वेळी भडोचच्या वाटेवर असलेला जॉर्डनस (डोमिनिकन या दुसऱ्या संघाचा धर्मबंधू) परत आला व त्याने चौघांची शरीरे सोपारा येथे पुरली. ओदोरिकने नंतर त्यांच्या अस्थी चीनमधील झैतून (आजचे च्वानचौ) या बंदराला नेल्या. थॉमसच्या पूजनास पोप लिओ तेरावे यांनी १८९४ मध्ये मान्यता दिली. जॉर्डनस मात्र जगला, याच किनाऱ्यावर काम करत राहिला आणि १३२९ मध्ये कोल्लमचा बिशप नेमला गेला.