ठिपकेदार पतंग (उटेथिसा)

गवताळ माळरानावर भरदिवसाही सहज दिसणारा लहान पतंग. लेपिडोप्टेरा गण, एरेबिडी कुल, आर्क्टिइनी उपकुल, उटेथिसा प्रजाती (जीनस; एका प्रजातीत अनेक जाती येतात). जुन्या ग्रंथांत ही प्रजाती आर्क्टिइडी या स्वतंत्र कुलात मोडते. २०१० नंतरच्या काही वर्षांत डीएनएवर आधारलेल्या वर्गीकरणाने ते संपूर्ण कुलच एरेबिडीत उपकुल म्हणून घेतले, त्यामुळे दोन पुस्तकांत दोन कुले दिसली तरी पतंग एकच असतो. विदर्भात ई-वर्गाची (सरकारी) पडीक जमीन, गायराने, वावरांचे धुरे (बांध) आणि तागाचे पीक ही त्याची नेहमीची ठिकाणे. बोलीत इतर पतंगांप्रमाणे यालाही ‘पाखरू’च म्हणतात.

पंखविस्तार साधारण ३ ते ४ सेंमी. पुढचे पंख मलईसारखे पांढरे. त्यांवर काळ्या ठिपक्यांच्या आणि लालभडक डागांच्या रांगा आलटून-पालटून येतात. मागचे पंख पांढरे असून त्यांना वेडीवाकडी काळी किनार असते. बसल्यावर पतंग पंख अंगालगत आवळून घेतो आणि गवताच्या काडीला चिकटलेल्या रंगीत काडीसारखा दिसतो. चाहूल लागताच उडतो, पण फार दूर जात नाही. उडताना लाल रंग जवळजवळ लोपतो आणि पांढरेपण तेवढे डोळ्यांत भरते. रात्री दिव्याकडेही येतो. तागासारख्या याच्याच खाद्यझाडांवर वाढणारा आर्जिना ॲस्ट्रिया हा पतंग शेजारीच आढळू शकतो. त्याचे पंख नारिंगी असून त्यांवर काळे ठिपके असतात, म्हणून पूर्ण वाढलेले पतंग ओळखताना घोटाळा होण्याचे कारण नाही.

खरी अडचण प्रजातीच्या आत आहे. लिनीअसने १७५८ मध्ये ‘पुल्केला’ या जातीचे वर्णन केले. क्रामरने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘लोट्रिक्स’ आणि हॅम्पसनने १९०७ मध्ये ‘पुल्केलॉइडीस’ ही नावे दिली. तिन्ही जाती वरवर इतक्या सारख्या आहेत की विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंतचे बहुतेक नमुने ‘पुल्केला’ म्हणूनच नोंदले जात. कार्ल जॉर्डनने १९३९ मध्ये जुन्या जगातील (अमेरिका सोडून इतर प्रदेशांतील) जातींचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानंतर ठिपक्यांच्या आकारापेक्षा नराच्या जननांगांची रचना अधिक भरवशाची मानली जाऊ लागली. आजच्या मतानुसार ‘पुल्केला’ ही मुख्यतः आफ्रिका, दक्षिण युरोप आणि पश्चिम व मध्य आशियाच्या कोरड्या प्रदेशांतील असून भारतापर्यंत पोहोचते, तर ‘लोट्रिक्स’ उष्ण कटिबंधात दूरवर पसरलेली आहे. भारतातील कृषी-साहित्यात तागावरील अळीला अजूनही सरसकट ‘पुल्केला’ म्हणतात. विदर्भातील पतंगाला केवळ छायाचित्रावरून हे नाव देणे घाईचे ठरते. नर नमुन्याचे विच्छेदन झालेले नसेल तर नोंद प्रजातीपाशीच, म्हणजे ‘उटेथिसा’ एवढ्यावरच थांबवणे प्रस्तुत लेखकाला अधिक योग्य वाटते.

पतंग दिसण्याआधी त्याचे झाड शोधावे. खुळखुळा, घागरी आणि ताग हे सारे क्रोटलारिया प्रजातीतील; वाळलेल्या शेंगेत बिया वाजतात म्हणून खुळखुळा. याशिवाय भुरुंडी आणि छोटा कल्पा यांच्या कुलातील झाडांवरही अळ्या वाढतात. मादी पानांवर बारीक, गोल, फिकट अंडी घालते. अळी काळसर करडी, पाठीवर पांढरी रेघ, प्रत्येक खंडावर नारिंगी-तांबडे डाग आणि अंगभर विरळ केस. लहानपणी ती पाने खाते, मोठी झाली की शेंगेला भोक पाडून हिरव्या बिया फस्त करते. धुऱ्यावरच्या खुळखुळ्याच्या शेंगेला गोल छिद्र आणि तोंडाशी विष्ठा दिसली, तर शेंग उकलून पाहण्यासारखी असते. कोषावस्था पालापाचोळ्यात किंवा मातीच्या वरच्या थरात, पातळ रेशमी वेष्टनात जाते. उबदार हवेत अंड्यापासून पतंगापर्यंतचा काळ ढोबळमानाने महिन्याच्या आसपास भरतो आणि वर्षात अनेक पिढ्या होतात. पावसाळा आणि त्यानंतरचे दोन-तीन महिने, म्हणजे खुळखुळा फुलण्या-फळण्याचा काळ, पाहणीस चांगला.

या झाडांची निवड आकस्मिक नाही. त्यांत पायरोलिझिडीन गटातील अल्कलॉइडे (वनस्पतीत तयार होणारी विषारी रसायने) असतात आणि ती यकृताला घातक आहेत. विदर्भाला लागून असलेल्या छत्तीसगडमधील (तेव्हाच्या मध्य प्रदेशातील) सरगुजा भागात १९७५ च्या सुमारास धान्यात क्रोटलारियाच्या बिया मिसळल्या गेल्याने माणसांना यकृताचा गंभीर आजार झाला होता. अळीला मात्र हे विष बाधत नाही. ती ते अंगात साठवते आणि ते कोषातून पतंगात उतरते. लाल-काळा-पांढरा रंग ही भक्षकांना दिलेली सूचना होय. कल्व्हेनर व एडगर या संशोधकांनी १९७२ मध्ये दाखवले की नराच्या पोटाच्या टोकाशी असलेल्या केसांच्या झुबक्यांतील गंधद्रव्य याच गटातील रसायनांशी संबंधित असते. पुढचे बारकावे अमेरिकेतील ‘ऑर्नाट्रिक्स’ या जातीवरून कळले. थॉमस आइस्नर आणि जेरॉल्ड मेनवाल्ड यांच्या कामातून दिसले की गंधावरून मादी नराजवळील विषाचा साठा जोखते, नर मिलनात त्याचा वाटा मादीला देतो आणि तो अंड्यांपर्यंत पोहोचतो. कोळी जाळ्यात सापडलेला असा पतंग न खाता तंतू तोडून सोडून देतो. विष कमी मिळालेल्या अळ्या आपल्याच जातीची अंडी खाऊन तूट भरून काढतात. हे सारे विदर्भातील जातीला जसेच्या तसे लागू करू नये, पण मूळ रसायन एकाच गटातले असल्याने साम्य अपेक्षित आहे.

शेतीच्या दृष्टीने हा पतंग तागापुरता महत्त्वाचा. हिरवळीच्या खतासाठी पेरलेला ताग फुलोऱ्यावर येताच गाडला जातो, तेव्हा अळीला शेंगा मिळतच नाहीत आणि पानांचे नुकसान सहसा जाणवत नाही. बियाण्यासाठी राखलेल्या तागात मात्र दाणे भरण्याच्या वेळी शेंगा तपासाव्या लागतात. थोड्या क्षेत्रात अळ्या हाताने वेचणे जमते.