ओरेगॉन ट्रेल : गवताच्या हिशेबावर चाललेले स्थलांतर

ओरेगॉन ट्रेल म्हणजे अमेरिकेच्या मिसूरी राज्यातल्या इंडिपेंडन्स गावापासून पश्चिमेला ओरेगॉनमधल्या विलामेट खोऱ्यापर्यंतची, बैलगाड्यांनी जाणाऱ्या स्थलांतरितांची सुमारे ३,२०० किलोमीटरची वाट. १८३६ साली दोन मिशनरी जोडपी रॉकी पर्वतातल्या साउथ पास खिंडीतून पलीकडे गेली आणि बायकांनाही हा प्रवास झेपतो हे दिसले. १८४३ मध्ये एकाच हंगामात हजारेक माणसे निघाली. १८३७ नंतरची मंदी, मिसिसिपी खोऱ्यातला हिवताप आणि पश्चिमेकडच्या जमिनीची ओढ ही त्यामागची कारणे.

बहुतेकांनी घोड्यांऐवजी बैल जुंपले. बैल स्वस्त मिळत आणि वाटेतल्या गवतावर निभावत; घोड्याला दाणा लागतो. चाल मात्र दिवसाला २०-२५ किलोमीटरच. त्यामुळे निघण्याची वेळ गवत ठरवी. एप्रिलअखेरच्या आधी निघाले तर कुरणात चारा उगवलेला नसे. मे उलटून गेल्यावर निघाले तर पुढच्या तांड्यांनी चारा संपवलेला असे आणि शेवटच्या डोंगरात बर्फ गाठे. १८४६ मध्ये कॅलिफोर्नियाला निघालेल्या डॉनर तांड्याने जवळची म्हणून नवी वाट धरली, त्यात मोलाचे दिवस गमावले आणि सिएरा नेवाडा पर्वतात ऐंशीच्या वर माणसे बर्फात अडकली. त्यांतली जवळपास निम्मी दगावली.

गाडीची पेटी जेमतेम तीन मीटर लांब, भार टनभराचा. त्या काळच्या सल्ल्यानुसार माणशी ९० किलो पीठ, ६८ किलो खारवलेले डुकराचे मांस, ९ किलो साखर, साडेचार-साडेचार किलो कॉफी आणि मीठ लागे. म्हणजे चौघांच्या शिध्यालाच सातशे किलो गेले. म्हणून धडधाकट माणसे चालतच जात, आणि हौसेने आणलेल्या लोखंडी चुली नि कपाटे बैल थकले की वाटेत टाकली जात.

वाटेवरच्या फोर्ट लारामी या ठाण्याच्या पुढे हवा कोरडी. चाकाचे लाकूड आक्रसे, आरे खिळखिळे होत आणि लोखंडी धाव, म्हणजे चाकाभोवतीची पट्टी, निसटे. उपाय म्हणजे चाक रात्रभर नदीत भिजत ठेवणे, धावेखाली पाचरी ठोकणे. तेवढ्याने भागले नाही तर धाव तापवून पुन्हा चढवणे. खूर झिजले की बैल पाडून पत्री, म्हणजे खुराचा नाल, मारत. पत्री नसली तर बायसन या रानटी गुराच्या कातड्याची पिशवी खुराला बांधत. खारट पाणी पिऊन जनावरे मरत; त्यावर चरबी किंवा व्हिनेगर पाजत.

माणसांचा सर्वांत मोठा काळ म्हणजे कॉलरा. १८४९ पासून प्लॅट नदीकाठच्या गर्दीच्या तळांवर उथळ खड्ड्यांतले पाणी घाणीने दूषित होई आणि सकाळी चालता माणूस रात्री दगावे. मूळ रहिवाशांच्या हल्ल्यांची भीती फार होती, पण त्यात गेलेले बळी रोगराईच्या मानाने थोडे.

ज्या गवतावर हे सारे चालले, ते लाकोटा, शायेन, अरापाहो या मूळ रहिवासी जमातींच्या शिकारीच्या मुलखातले. गुरांनी काठ चरून टाकले, सरपण संपले, बायसनचे कळप दूर सरकले. १८५१ च्या फोर्ट लारामी करारात या जमातींना भरपाई म्हणून ५० वर्षे दरसाल ५० हजार डॉलरचा माल देण्याचे ठरले. अमेरिकेच्या सिनेटने ती मुदत १० वर्षांवर आणली. तिकडे ओरेगॉनमध्ये १८५० च्या कायद्याने विवाहित जोडप्याला ६४० एकर मिळू लागले, तेही तिथल्या जमातींशी जमिनीचा एकही करार मंजूर होण्याआधी.