पाणी मुरलेला फोम आणि लपलेली कूज

फायबरग्लासच्या जुन्या होड्यांत तळाशी भरलेल्या फोममध्ये पाणी मुरते आणि त्याला लागून असलेले लाकूड आतल्या आत कुजते. अमेरिकेत १९६० ते १९९० च्या दशकांत बनलेल्या छोट्या मोटारबोटींत हा दोष नेहमीचा आहे. या होड्या नावाला फायबरच्या. पाय ठेवायची फरशी म्हणजे डेक, तळातील आधारपट्ट्या म्हणजे स्ट्रिंगर आणि इंजिन पेलणारी मागची भिंत म्हणजे ट्रान्सम, यांच्या गाभ्यात बहुधा प्लायवूडच असते.

फोम आला तो होडी बुडू नये म्हणून. १९५८ साली बाजारात आलेली ‘बॉस्टन व्हेलर’ ही फोमभरली होडी करवतीने कापली तरी तरंगते, हे १९६१ मध्ये ‘लाइफ’ मासिकातील छायाचित्रांनी दाखवले. पुढे १९७१ च्या फेडरल बोट सेफ्टी ॲक्टखालील नियमांनी २० फुटांखालील बहुतेक मोटारबोटींना पाणी भरल्यावरही तरंगणे सक्तीचे केले. डेकखाली पॉलियुरेथेन फोम ओतणे हा त्यावरचा सोपा उपाय.

हा फोम बंद पेशींचा, म्हणजे एकमेकांना न जोडलेल्या बारीक बुडबुड्यांचा, घनमीटरला साधारण ३२ किलो वजनाचा. पण वर्षानुवर्षे पाण्यात राहून आणि थंडीत गोठून-वितळून पेशी फुटतात. पाण्याचे वजन घनमीटरला १,००० किलो असल्याने होडी हळूहळू जड होते. पाणी शिरते ते बहुधा सीट, रेलिंग किंवा इंजिन बसवताना पाडलेल्या आणि नीट न बुजवलेल्या स्क्रूच्या भोकांतून. निचऱ्याची वाट फोमनेच अडवलेली असते. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या वर राहिला की बुरशीला वाव मिळतो. समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचे गोडे पाणी यात जास्त घातक.

हातोडीने हलके ठोकल्यास निरोगी भाग खणखणीत वाजतो, कुजलेला बद्द. शंका आली की डेकच्या आतून बारीक भोक पाडतात: भुसा कोरडा व फिकट निघाला तर ठीक, काळपट लगदा आला तर खेळ खलास. ओलावामापकाचा आकडा एकट्याने विश्वासार्ह नसतो.

होडी उन्हात ठेवून फोम वाळेल, ही भाबडी आशा. डेक कापून तो खरवडून काढावाच लागतो. कुजके लाकूड काढून मरीन प्लाय (पाण्यात टिकणारे प्लायवूड) इपॉक्सीने, म्हणजे घट्ट चिकटणाऱ्या रेझिनने, बसवतात, कडा व भोके आधी इपॉक्सीने बंद करतात आणि तळाशी निचऱ्याची वाट ठेवतात. नवा फोम थोडाथोडा ओतावा लागतो. एकदम ओतल्यास आत उष्णता साठून तो करपतो. पैसे वाचवायला थर्माकोल भरून वर पॉलिएस्टर रेझिन लावले, तर रेझिनमधील स्टायरीन हे द्रावक थर्माकोल विरघळवून टाकते.