पार्श्वभूमी : ‘गॅस’ म्हणजे नेमका कुठला?

गोव्यात हौशी माणूस घरी हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून दुसरीकडे सोडणारे यंत्र, उलटा चालवलेला एसीच) बनवतो तो खोली उबवायला नव्हे, आंघोळीच्या पाण्यासाठी. न्हाणीतले तांब्याचे भाण आणि त्याखाली पेटलेली चुडते-सोडणे (माडाच्या सुक्या झावळ्या आणि नारळाची सोडणे) अजून काही घरांत दिसतात; बाकीच्यांकडे गिझर आला. मोडीत निघालेल्या विंडो एसीचा कॉम्प्रेसर काढून त्यावर पाणी तापवण्याचा खटाटोप त्यानंतरचा. त्यात प्रोपेन हा पेट घेणारा वायू भरायची कल्पना मात्र जुनी आहे. १९२० च्या दशकात ते शीतक म्हणून, म्हणजे यंत्रात फिरून उष्णता वाहून नेणारा वायू म्हणून, वापरात होते. पुढे फ्रिऑन नावाची न पेटणारी शीतके आली आणि प्रोपेन मागे पडले.

फ्रिऑनसारख्या शीतकांनी ओझोनचा थर विरळ होतो, त्या प्रश्नावर १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला. आपल्याकडे वर्षानुवर्षे एसीत असलेल्या आर-२२ या शीतकाला २०३० पर्यंत निरोप द्यायचा आहे. त्याच्या जागी आलेले आर-४१०ए ओझोनला धक्का लावत नाही, पण हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,००० पट भारी. प्रोपेनचा हा आकडा ३ च्या आतबाहेर. भारतात प्रोपेनवरचे स्प्लिट एसी २०१२ मध्ये बाजारात आले. आर-४१०ए सारखी हवा तापवणारी शीतके कमी करण्यासाठी माँट्रियल करारात झालेली किगाली दुरुस्ती २०१६ ची, आपली मान्यता २०२१ ची. हौशी लोकांना मात्र करारांपेक्षा एक साधी गोष्ट भावली : प्रोपेनचे दाब आर-२२ च्या जवळपास आहेत, आणि वजनाने ते निम्म्याहून कमी पुरते.

खरा गुंता शब्दाचा आहे. मेकॅनिक म्हणतो, ‘गॅस गेलाय, भरावा लागेल.’ आर-२२, आर-३२, आर-२९०, सगळे गॅसच. स्वयंपाकघरात असतो तोही गॅसच. आर-२९० म्हणजे प्रोपेन आणि सिलिंडरमध्येही प्रोपेन असते, एवढे कळले की पुढचा प्रश्न ठरलेला : मग घरचाच का नको? सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असते. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळते, ब्युटेन शून्याच्या जरा खाली. म्हणजे दाबाचा हिशोब चुकलाच. शिवाय ओलावा, आणि गळती कळावी म्हणून मुद्दाम घातलेला गंधकाचा वास. घरगुती सिलिंडर असल्या कामाला वापरणे नियमातही बसत नाही. शुद्ध आर-२९० ला सहसा वासच नसतो, म्हणजे तो गळला तर नाकाला पत्ता लागत नाही. दोन्हींना एकच नाव देऊन आपण एकाचा दोष दुसऱ्यावर ढकलतो, असे मला वाटते.

कारखान्यात बनलेल्या यंत्रांत किती प्रोपेन भरायचे यावर आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकांत बरीच वर्षे १५० ग्रॅमची मर्यादा होती. घनमीटरभर हवेत सुमारे ३८ ग्रॅम प्रोपेन मिसळले की ते पेट घेऊ शकते. त्याची चौपट म्हणजे हा आकडा. दुकानातल्या फ्रिजांसाठी तो २०१९ मध्ये ५०० ग्रॅमवर गेला. एसी-हीट पंपांसाठी त्यांच्या मानकाच्या २०२२ च्या आवृत्तीत, अटींसह, ९८८ ग्रॅमपर्यंत. घरी जोडलेल्या यंत्राची अशी तपासणी होत नाही. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड, त्यामुळे गळले तर जमिनीलगत साचते. न्हाणीत चूलही जमिनीलगतच असते.