गरोदरपण, मऊ चीज आणि शेपटीवाला लिस्टेरिया

एका मैत्रिणीचा रात्री साडेअकराला फोन आला. पाचवा महिना चालू होता तिचा. संध्याकाळी कुणाकडे तरी जेवायला गेली होती, तिथे पांढऱ्या सालीचं ब्री चीज होतं, तिने दोन तुकडे खाल्ले. घरी येऊन मोबाइल उघडला तर गरोदरपणात काय खाऊ नये याची एक यादी समोर आली. त्यात "मऊ चीज" एवढे दोनच शब्द. आवाज रडवेला झाला होता. त्या दोन तुकड्यांनी काही होण्याची शक्यता फार कमी आहे, हे मी तिला सांगितलं आणि ते खरंही होतं. पण फोन ठेवल्यावर त्या दोन शब्दांचा राग येत राहिला. मोझरेलाही मऊच असतं, क्रीम चीजही मऊच. पाश्चरीकृत, म्हणजे ठरावीक तापमानाला तापवून जंतू मारलेल्या दुधाचं असेल तर ते गरोदर बाईने खायला हरकत नाही. सगळ्यांना एकाच टोपलीत टाकून आपण बायकांना घाबरवतो, आणि खरा धोका कशात आहे तो मात्र सांगत नाही.

हा धोका म्हणजे एक जिवाणू: लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस. १९२६ साली केंब्रिजमध्ये प्रयोगशाळेतले ससे आणि गिनीपिग आजारी पडले, तेव्हा तो पहिल्यांदा नीट वर्णन केला गेला. पुढे शस्त्रक्रियेत जंतुनाशकं आणणाऱ्या जोसेफ लिस्टर यांचं नाव त्याला मिळालं. तो अन्नातून माणसात येतो हे पक्कं व्हायला मात्र १९८१ साल उजाडलं. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर आलेल्या साथीचं मूळ कोबीच्या सॅलडमध्ये सापडलं, आणि त्या कोबीला मेंढ्यांचं खत घातलेलं होतं. चार वर्षांनी, १९८५ मध्ये, लॉस एंजेलिस भागात मेक्सिकन पद्धतीच्या ताज्या मऊ चीजमधून साथ पसरली. १४२ जण आजारी पडले. त्यांतले ९३ रुग्ण गरोदर स्त्रिया किंवा त्यांची बाळं होती. ४८ मृत्यू झाले, आणि त्यांत २० गर्भ व १० नवजात बाळं होती. कारखान्यात पाश्चरीकृत दुधात कच्चं दूध मिसळलं जात असावं, असं तपासात दिसलं.

आता चीजकडे. दूध विरजून दही होतं तेव्हा जिवाणू दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात. चीजची सुरुवातही तशीच होते. ताज्या गोळ्याचा सामू, म्हणजे पीएच, साधारण ४.६ पर्यंत उतरतो. एवढ्या आंबट वातावरणात लिस्टेरियाला वाढणं कठीण जातं. पार्मेसानसारख्या कठीण चीजमध्ये पुढे पाणीही कमी होत जातं, ते किमान वर्षभर मुरतं, आणि कोरड्या जागी जिवाणूचं काही चालत नाही. फेटा या खारवलेल्या ग्रीक चीजमध्ये आम्ल आणि मीठ दोन्ही राखण करतात.

ब्री आणि कामेंबेरमध्ये मात्र आपणच ही राखण उठवतो. वरची पांढरी मखमली साल म्हणजे पेनिसिलियम जातीची बुरशी. ती लॅक्टिक आम्ल खाऊन टाकते, प्रथिनं फोडते आणि त्यातून अमोनिया सोडते. सालीजवळचा सामू चढत चढत ७ किंवा त्याच्याही वर जातो. हे डोळ्यांनी पाहता येतं. अर्धवट मुरलेलं कामेंबेर मधोमध कापा. मधला भाग खडूसारखा पांढरा आणि ठिसूळ दिसेल, सालीलगत मात्र लोण्यासारखी पिवळट, ओघळणारी पट्टी असेल. आम्ल तिथून हटलंय, बाहेरून आत. पुरतं मुरलेल्या तुकड्याला अमोनियाचा वास येतो तोही याच कामाचा. पाणी भरपूर, आम्ल संपलेलं: लिस्टेरियाला याहून चांगली जागा कुठली? म्हणून ब्रिटनच्या आरोग्यसेवेचा सल्ला असा आहे की अशा सालीची मऊ चीज आणि निळ्या बुरशीची मऊ चीज गरोदरपणात टाळावीत, दूध पाश्चरीकृत असलं तरीही. वाफ निघेपर्यंत शिजवली असतील तर चालतात.

पाश्चरीकृत असलं तरी का? ७२ अंशांवर १५ सेकंद तापवलेल्या दुधातला लिस्टेरिया मरतो, यात वाद नाही. पण चीज बनतं त्यानंतर, आणि कारखान्याची ओली फरशी, गटार, कापायच्या यंत्राची पाती ही या जिवाणूची आवडती घरं आहेत. तिथे तो चिकट थर करून वर्षानुवर्षं राहू शकतो. तिथून एखाद-दुसरा जिवाणू चीजवर आला तर पुढचं काम साल करते. कच्च्या दुधाच्या चीजमध्ये तर तो सुरुवातीपासूनच असू शकतो. पाश्चरीकृत दुधाच्या मऊ चीजपेक्षा कच्च्या दुधाच्या मऊ चीजमधून लिस्टेरियाची लागण होण्याची शक्यता ५० ते १६० पट जास्त, असा अमेरिकेतला अंदाज आहे. कच्चं दूध "जिवंत" असतं, त्यातली एन्झाइम्स आरोग्य देतात, असं सांगून ते विकणारे आणि त्याचे व्हिडिओ पसरवणारे लोक आहेत. हे त्यांनी गरोदर बाईला तरी सांगू नये. दुधातून पसरणाऱ्या क्षयाने आणि इतर रोगांनी किती मुलं गेली, ते पाहूनच पाश्चरीकरण सक्तीचं झालं होतं.

आणि फ्रीज? इथे आपला नेहमीचा अंदाज चुकतो. बहुतेक रोगजंतू ४ अंशांवर थिजून बसतात, लिस्टेरिया थिजत नाही. त्या थंडीतही साधारण दीड-दोन दिवसांत तो दुप्पट होतो. दोन दिवसांचा हिशेब धरला तरी पंधरवड्यात सात वेळा दुप्पट, म्हणजे शंभर जिवाणूंचे बारा-तेरा हजार. चव, वास, रंग काहीच बदलत नाही.

फ्रीजमध्ये तो फक्त वाढतो, शस्त्रं बाहेर काढत नाही. त्याच्या हल्ल्याची जनुकं चालू करणारं एक मुख्य प्रथिन आहे. त्या प्रथिनाचा संदेश वाहणाऱ्या आरएनएचं टोक थंडीत घडी घालून बसलेलं असतं, त्यामुळे संदेश वाचलाच जात नाही. ३७ अंशांवर ती घडी उसवते आणि प्रथिन तयार होऊ लागतं. २००२ साली हे उलगडलं. रेणूचाच थर्मामीटर! आपण माणसाच्या पोटात पोहोचलो, हे त्याला असं कळतं.

यापुढची गोष्ट मला जिवाणूशास्त्रातली सगळ्यांत विलक्षण वाटते. आतड्याच्या पेशींवर ई-कॅडहेरिन नावाचं प्रथिन असतं, शेजारच्या पेशींना एकमेकींशी शिवणारं. लिस्टेरिया त्याला आपलं एक प्रथिन चिकटवतो आणि पेशी त्याला स्वतःच गिळते. गिळल्यावर तो एका पिशवीत अडकतो. पेशी त्या पिशवीत आम्ल सोडते, त्याला मारायला. पण लिस्टेरियाजवळ पिशवीला भोकं पाडणारं एक विष आहे, आणि ते नेमकं आम्लातच जोमाने काम करतं. पिशवी फुटते, तो पेशीच्या मोकळ्या रसात येतो, आणि तिथे आम्ल नसल्यामुळे विष मंदावते. पेशी लगेच मरत नाही. ती जिवंत राहणं त्याच्या सोयीचंच असतं.

मग शेपूट फुटते. आपल्या प्रत्येक पेशीत ॲक्टिन नावाचं प्रथिन असतं. त्याचे सुटे मणी एकमेकांना जोडून धागे होतात, त्यांवर पेशीचा आकार आणि हालचाल चालते. लिस्टेरियाच्या एका टोकाला अॅक्टए हे प्रथिन जास्त असतं. ते आपल्या पेशीतली यंत्रणा बोलावून घेतं आणि जिवाणूच्या पाठीमागे ॲक्टिनच्या धाग्यांचं दाट जाळं विणायला लावतं. १९८९ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे दिसलं. रंगवलेल्या पेशीत पाहिलं तर लांब शेपटीचे धूमकेतू सगळीकडे पळताना दिसतात. शेपूट मात्र वळवळत नाही, ती जागच्या जागी असते. नवे मणी जोडले जातात ते थेट जिवाणूच्या पाठीला लागून. तिथे जागा कुठून होते? पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी जिवाणू आणि धाग्यांची टोकं सतत थरथरत असतात. त्या थरथरीत क्षणभर काही नॅनोमीटरची फट पडते, तेवढ्यात एक मणी आत बसतो, आणि आता जिवाणूला मागे येता येत नाही. खटक्याचं दातेरी चाक एकाच दिशेने फिरतं, तसं. यादृच्छिक थरथर आणि एकेरी वाट मिळून गती तयार होते, मिनिटाला दहा मायक्रोमीटरच्या आसपास, म्हणजे जिवाणूच्या लांबीच्या पाच-दहा पट. १९९९ मध्ये तर मोजकी शुद्ध प्रथिनं, ऊर्जेसाठी एटीपी आणि लिस्टेरिया एवढंच एकत्र करून ही धाव पेशीबाहेर घडवून दाखवली गेली. त्या जोरावर तो पेशीच्या कडेला आदळतो, पेशीचं आवरण बोटासारखं पुढे ढकलतो, शेजारची पेशी ते बोट गिळते, आणि तो पुन्हा पिशवी फोडून मोकळा. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, अंगणात पाऊल न टाकता. रक्तातली प्रतिपिंडं अंगणातच राखण करत राहतात.

गरोदर बाईचा प्रश्न इथेच गंभीर होतो. वार (प्लासेंटा) ही आईचं रक्त आणि बाळाचं रक्त यांच्यामधली भिंत. तिच्यावरही हा जिवाणू ज्यांना धरतो ती प्रथिनं आहेत. बाळ अर्धं परकं असूनही आईच्या शरीराने ते सांभाळावं म्हणून वारेपाशी संरक्षणाची मांडणी बदललेली असते. आणि पेशीच्या आत लपलेल्या शत्रूला शोधणाऱ्या, पण तिथे आवरून धरलेल्या टी पेशींचीच लिस्टेरियाविरुद्ध सगळ्यांत जास्त गरज असते. गिनीपिगांवरच्या प्रयोगांत दिसलं की एखादाच जिवाणू वारेत पोहोचला तरी तिथे वसाहत उभी राहू शकते, आणि मग तिथूनच तो आईच्या इतर अवयवांत परत पसरतो. गरोदर स्त्रीला लिस्टेरियाची लागण होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे दहापट धरली जाते. आईला अनेकदा नुसता ताप, अंगदुखी, थकवा. बाळासाठी मात्र गर्भपात, मृत जन्म, वेळेआधी प्रसूती किंवा जन्मानंतर मेंदूच्या आवरणाचा दाह.

तरीही हा आजार दुर्मिळ आहे, आणि फक्त चीजचा नाही. २०१७-१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत इतिहासातली सगळ्यांत मोठी साथ आली, हजाराहून अधिक रुग्ण आणि दोनशेहून अधिक मृत्यू. ती पोलोनी नावाच्या तयार मांसातून आली होती.

तेव्हा लेबल वाचताना "मऊ" हा शब्द शोधू नका. आधी दूध पाश्चरीकृत आहे का पाहा, ते लिहिलेलं नसेल तर खाऊ नका. मग साल पाहा: पांढरी मखमल किंवा आत निळ्या शिरा असलेलं मऊ चीज असेल तर थंड खाऊ नका, सगळीकडून बुडबुडे येईपर्यंत भाजलेलं चालेल. मोझरेला, क्रीम चीज, कॉटेज चीज, फेटा पाश्चरीकृत असतील तर खा, पण पाकीट उघडल्यावर लवकर संपवा. पार्मेसान, चेडरसारखी कठीण चीज निर्धास्त खा.

आणि माझ्या मैत्रिणीसारखं खाऊन झालं असेल, त्रास काही नसेल, तर तपासण्या करत बसायची गरज नसते. पण ताप आला तर अंगावर काढू नका. लिस्टेरिया रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीत, सापडतो आणि अँपिसिलिनने आटोक्यात येतो. तापात बऱ्याचदा दिली जाणारी सेफॅलोस्पोरिन गटातली प्रतिजैविकं त्याच्यावर चालत नाहीत, म्हणून डॉक्टरांच्या मनात लिस्टेरियाची शंका वेळेत येणं महत्त्वाचं. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला ७० दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. काल काय खाल्लं एवढंच सांगून थांबू नका, दोन महिन्यांपूर्वीच्या त्या जेवणातल्या दोन तुकड्यांचंही सांगा.