पावसाळा, गिनीपिग आणि खरूज

कोकणात पाऊस लागला की कपडे वाळत नाहीत, चपलांना बुरशी येते. पडवीतल्या पिंजऱ्यातला गिनीपिगही याच हवेत राहतो. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजच्या थंड डोंगरांतला हा प्राणी. ओल्या भुशावर चार दिवस काढले की त्याची कातडी बिघडू लागते.

तो खाजवताना दिसला की आपल्याकडे लगेच करंजेल किंवा रॉकेल चोळतात. कृपया तसं करू नका. गिनीपिग अंग चाटून साफ ठेवतो, त्यामुळे चोळलेलं सगळं त्याच्या पोटात जातं.

सर्वांत त्रासदायक रोग खरजेचा. ट्रिक्सॅकॅरस नावाच्या सूक्ष्म किडीची मादी कातडीत बोगदे कोरून अंडी घालते. पाठ, खांदे, मांड्यांचे केस झडतात, कातडी जाड आणि पिवळसर होते. खाज एवढी भयंकर, की नुसता हात लागला तरी काही जनावरं झटके देऊन आडवी पडतात आणि घरच्यांना फिट आल्यासारखं वाटतं. नायटा वेगळा: तो बुरशीमुळे होतो आणि बहुधा नाक, डोळे, कानांभोवती खवल्यांचे चट्टे उठतात. तो माणसालाही लागतो, म्हणून मुलांना दूर ठेवा, हाताळल्यावर हात साबणाने धुवा.

नुसत्या नजरेने या दोहोंत फसगत होते. डॉक्टर कातडी हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. खरजेवर आयव्हरमेक्टिन हे किडी मारणारं औषध चालतं, पण मात्रा वजनावर ठरते. गुरांच्या एक टक्क्याच्या इंजेक्शनमधून किलोभर गिनीपिगला साधारण ०.०२ ते ०.०४ मिलिलिटर एवढंच लागतं. घरी अंदाजाने देणं जिवावर बेतू शकतं. या औषधाने अंडी मरत नाहीत, म्हणून एक-दोन आठवड्यांनी पुन्हा डोस द्यावा लागतो, तोही पिंजऱ्यातल्या सगळ्यांना. अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक तोंडावाटे कधीच देऊ नका. आतड्यातले उपयोगी जिवाणू मरून जनावर दगावतं.

आपल्यासारखंच गिनीपिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. १९०७ मध्ये नॉर्वेचे शास्त्रज्ञ होल्स्ट आणि फ्रोलिश बेरीबेरी या रोगाचा अभ्यास करत असताना त्यांना याच प्राण्यात योगायोगाने स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा रोग, झालेला आढळला. कमतरता झाली की केस राठ होतात, जखमा भरत नाहीत. परसातल्या पेरूची फोड, ढोबळी मिरची, कोथिंबीर रोज थोडी द्या. पाण्यात घातलेली गोळी लवकर निकामी होते.

पावसात ओला भुसा रोज काढा, गवत माळ्यावर कोरडं ठेवा, बुरसट वास आला तर टाकून द्या. तारेच्या जाळीवर पाय सोलवटून तळव्यांना फोड येतात, म्हणून तळ सपाट हवा. नवं पिल्लू आणलंत तर दोन-तीन आठवडे वेगळ्या पिंजऱ्यात ठेवा.