परसबागेतील डाळिंब

डाळिंब (सं. दाडिम, हिं. अनार) हे परसात, कुंपणालगत किंवा मोठ्या कुंडीत वाढवता येणारे काटेरी फळझाड. शास्त्रीय नाव प्युनिका ग्रॅनेटम. एकदा मुळे खोल गेली की ते आठवडेच्या आठवडे पाण्यावाचून तग धरते, चुनखडीच्या हलक्या जमिनीत तरारते, थंडीने किंवा किडीने खोड मेले तरी बुडख्यातून पुन्हा फुटते. लावून विसरून जावे असे झाड म्हणून त्याची शिफारस होते ती यामुळेच. झाडापुरती ही शिफारस खरी आहे, फळापुरती नाही. झाड काटक आणि फळ नाजूक, असा हा जोड आहे. फुले गळतात, फळे तडकतात, वरून लालबुंद दिसणारे फळ आतून काळे निघते, या परसबागेतल्या नेहमीच्या तक्रारी बहुतेक वेळा ही तफावत ध्यानात न घेतल्याने येतात.

झाड आणि फळ

मोकळे वाढू दिले तर डाळिंब पाच ते आठ मीटर उंच होते. परसात ते अडीच-तीन मीटरांवर रोखलेले बरे, कारण त्यापलीकडे फळांवर नजर राहत नाही. बुडापासून अनेक खोडे येतात. पाने अरुंद, चकचकीत, बहुधा समोरासमोर. कोवळी असताना तांबूस. आखूड फांद्यांची टोके काट्यांत संपतात, तेव्हा येण्याजाण्याच्या वाटेला अगदी लागून झाड लावू नये. लिनीअसने १७५३ मध्ये या वनस्पतीला आजचे शास्त्रीय नाव दिले. पूर्वी तिच्यासाठी स्वतंत्र कुल मानत. आता तिला मेंदीच्या, म्हणजे लिथ्रेसी कुलात घालतात. प्युनिका या प्रजातीत दुसरी एकच जाती परंपरेने मानली जाते आणि ती येमेनच्या सोकोत्रा बेटाबाहेर निसर्गतः आढळत नाही. डाळिंबाचे मूळ क्षेत्र इराणपासून उत्तर भारताच्या हिमालयालगतच्या पट्ट्यापर्यंतचे. कडक कोरडा उन्हाळा आणि माफक थंडी ही तिथली हवा झाडाच्या अंगात इतकी मुरलेली आहे, की दमट जागी ते वाढते, पण रोगट राहते.

फळाच्या आत पातळ पिवळसर पडद्यांनी केलेले कप्पे असतात आणि ते एकावर एक अशा थरांत असतात, म्हणून डाळिंब आडवे कापले की दाण्यांची मांडणी नीट कळत नाही. दाण्याचा जो रसाळ भाग आपण खातो तो बीजाचेच बाहेरचे आवरण. संत्र्यातून बी वेगळी काढावी तशी ती इथे काढता येत नाही. रस हवा तर बी चावणे आले. म्हणून वाण निवडताना सालीच्या रंगापेक्षा बी मऊ आहे की टणक, हे आधी विचारावे. बागेत आलेल्या फळाबद्दल पुढे कुरकुर होते ती बहुधा बियांवरूनच.

फुले ओळखणे

डाळिंबाच्या झाडावर दोन तऱ्हेची फुले येतात. रंग तोच, शेंदरी-लाल. चुरगळलेल्या रेशमी कापडासारख्या पाकळ्याही त्याच. फरक बुडाशी असतो. फूल हातात आडवे धरून देठाकडची बाजू पाहावी. तिथे सुरईसारखा फुगीर घट असेल तर ते उभयलिंगी फूल. त्याचा स्त्रीकेसर लांब असून परागकोशांच्या उंचीला किंवा त्यांच्याही वर पोचतो, आणि फळ यातूनच धरते. बूड निमुळते होत देठात उतरले असेल, एकूण आकार घंटेसारखा असेल, तर ते नरफूल. त्याचा स्त्रीकेसर खुरटलेला असतो आणि काही दिवसांत ते गळतेच. या दोहोंच्या मधलीही काही फुले असतात. त्यांतली थोडीच टिकतात.

नरफुलांचे प्रमाण अनेकदा निम्म्याहून जास्त असते. झाडाखाली लाल सडा पडलेला पाहून घाबरणारा आणि लगेच खतांचा मारा करणारा माळी खरे तर झाडाचा नित्यक्रम मोडत असतो. खाली पडलेली दहा-बारा फुले उचलून त्यांची बुडे तपासली की खरी स्थिती कळते. बहुतेक घंटेच्या आकाराची असतील तर काही करायचे नाही. फुगीर बुडाची फुले मोठ्या संख्येने गळत असतील, तरच पाण्याचा ताण, नत्राचा अतिरेक किंवा फुलकिड्यांचा उपद्रव यांचा विचार करावा. फळधारणेसाठी दुसरे झाड लागत नाही. एकटे झाड स्वतःच्याच परागांवर फळते, मात्र मधमाश्यांचा वावर असेल तर फळे जास्त धरतात. म्हणून झाड फुलावर असताना कीटकनाशकाची फवारणी टाळावी.

थंड प्रदेशात झाड हिवाळ्यात पाने झाडते आणि वसंतात एकदाच फुलते. उष्ण प्रदेशात ते जवळजवळ सदाहरित राहून वर्षातून दोन-तीनदा फुलते. शेतकरी यांतला एकच बहार धरतात: पाणी तोडून झाडाला ताण देतात, पानगळ झाली की छाटणी, खत आणि पाणी देऊन सगळी फुले एकदम आणतात. परसात एवढा खटाटोप करण्याची गरज नसते. तरी फळ पिकण्याचा काळ कोरड्या हवेत येईल असा एक बहार राखून बाकीची फुले खुडून टाकणे फायद्याचे. वर्षभर चार-चार फळे झाडावर असली की किडीलाही वर्षभर घर मिळते. कुंडीतल्या झाडाला ताण देऊ नये. तिथली माती इतकी थोडी असते की ताण आणि मृत्यू यांत फारसे अंतर उरत नाही.

रोप आणि लागवड

खाल्लेल्या डाळिंबाचे दाणे पेरले तर ते सहज उगवतात, आणि मोह इथेच पडतो. बियांपासून आलेले झाड आईसारखे निघेलच असे नाही. बहुतेक आंबट किंवा टणक बियांची निघतात. क्वचित उलटेही घडते. फळझाडांचे अभ्यासक डॉ. चीमा यांनी १९३६ च्या सुमारास पुण्याच्या गणेशखिंड येथे ‘आळंदी’ या वाणाच्या बीजरोपांतून एक मऊ बियांचे झाड निवडले आणि त्यातून पुढे ‘गणेश’ हा प्रसिद्ध वाण झाला. पण ही निवड अनेक रोपांतून झाली होती. ज्याच्याकडे एकाच झाडाची जागा आहे त्याने ती बियांवर उधळू नये. अपवाद ‘नाना’ या बुटक्या प्रकाराचा. तो बियांपासूनही बराचसा तसाच उतरतो, लहानपणीच फुलू लागतो आणि जेमतेम मीटरभर वाढतो. मात्र त्याची फळे छोटी, शोभेपुरतीच.

हमखास मार्ग छाट किंवा गुटीचा. छाटासाठी पेन्सिलीएवढ्या जाडीची, साधारण वर्षभर जुनी, पक्व काडी घ्यावी. लांबी २० ते २५ सेंमी. झाड सुप्तावस्थेत असताना ती कापून दोन-तृतीयांश भाग मातीत जाईल अशी रोवावी. खालचे टोक कोणते हे विसरू नये. म्हणून खाली तिरका आणि वर सरळ काप घेण्याची सवय चांगली. गुटीसाठी फांदीवरची सुमारे अडीच सेंमी रुंदीची साल गोलाकार काढतात, तिथे ओले शेवाळ गुंडाळून वर प्लॅस्टिक बांधतात आणि पांढरी मुळे दिसू लागली की फांदी खालून कापतात. ‘वंडरफुल’ हा आज जगभर पसरलेला वाण असाच वाढला: फ्लोरिडातून आलेल्या एका छाटापासून १८९६ मध्ये कॅलिफोर्नियात त्याची अभिवृद्धी सुरू झाली.

जागा निवडताना एकच कसोटी लावावी, ती उन्हाची. दिवसातून सहा तासांहून कमी ऊन मिळाले तर झाड हिरवेगार राहील, फुले मोजकी येतील आणि दाण्यांत गोडी भरणार नाही. पश्चिमेची तापणारी भिंत इतर फळझाडांना नकोशी असते. थंड हवेच्या ठिकाणी डाळिंबाला ती मानवते. अतिउष्ण ठिकाणी मात्र तिथे फळाच्या उघड्या गालावर उन्हाचे तपकिरी चट्टे पडतात. जमीन कसलीही चालते, पाणी साचणारी तेवढी नको. चिकणमातीत ६० सेंमीचा खड्डा घेऊन त्यात भुसभुशीत माती भरण्यापेक्षा उंचवटा करून त्यावर रोप लावावे. नाही तर खड्डा म्हणजे पाणी धरून ठेवणारी घागर होते. दोन झाडांत तीन-चार मीटर अंतर पुरते. कुंडी ४० ते ५० लिटरांची हवी. छाटाच्या किंवा गुटीच्या झाडाला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळे येऊ लागतात. पहिली फळे काढून टाकावीत असे सगळे सांगतात आणि क्वचितच कोणी ऐकते. एखादे ठेवायला हरकत नाही. लवचीक फांद्या वाकून जमिनीला टेकत नाहीत ना, एवढे पाहावे.

पाणी

परसबागेतली निम्मी डाळिंबे इथे बिघडतात. झाड कोरड काढू शकते म्हणून माळी बेफिकीर होतो, मग एके दिवशी आठवण येऊन आळे काठोकाठ भरतो. कोरड्या दिवसांत फळाची साल घट्ट आणि ताठर होते. अचानक पाणी मिळाले की आतले दाणे फुगतात, साल मात्र ताणत नाही, आणि फळ उभे तडकते. पिकण्याच्या सुमारास आलेला पाऊस हेच करतो. दिवसा-रात्रीच्या तापमानातला मोठा फरक आणि बोरॉनची कमतरता याही तडकण्याच्या कारणांत मोडतात, पण घरी आधी पाण्याकडेच बोट दाखवावे.

उपाय जास्त पाणी देणे हा नव्हे, सारखे देणे हा आहे. आळ्यातली माती दोन-तीन इंच उकरून मूठभर दाबावी. गोळा होऊन बोटाच्या धक्क्याने फुटला तर वाफसा आहे, पाणी नको. गोळाच झाला नाही तर पाणी द्यावे. चिखलासारखा लिबलिबीत राहिला तर पुढचे काही दिवस झाडाकडे फिरकू नये. पालापाचोळ्याचे चार बोटे आच्छादन ओल टिकवते, ते खोडाला मात्र चिकटू देऊ नये. खत बेताचे: वर्षातून एकदा, बहाराच्या आधी, पसाऱ्याखाली चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट. नत्र जास्त झाले की पाणसोटे, म्हणजे सरळ वर धावणारे जोमदार फुटवे, बळावतात आणि फुले मागे पडतात.

छाटणी

एकाच खोडाचे झाड दिसायला सुबक असते, पण ते खोड किडीने पोखरले किंवा थंडीने गेले तर सगळेच गेले. म्हणून तीन-चार खोडे राखून बुडातले बाकीचे फुटवे वरचेवर, कोवळे असतानाच काढावेत. डाळिंब दोन-तीन वर्षांच्या लाकडावरच्या आखूड फांद्यांवर फळते. कुंपणासारखी सगळीकडून सपाट कातरलेली झाडे हिरवी पण वांझ राहतात, कारण फळ देणारी टोकेच कातरीत जातात. पाणसोटे आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढून आत ऊन-वारा खेळेल एवढेच करावे.

किडी आणि रोग

सर्वांत जाच फळ पोखरणाऱ्या अळीचा. तिला सुरसा म्हणतात. दक्षिण आशियात ती एका छोट्या, देखण्या फुलपाखराची, डेउडोरिक्स आयसोक्रेटिसची, अळी असते. मादी फुलांवर आणि कोवळ्या फळांवर एकेक अंडे घालते, अळी आत शिरून दाणे खाते, छिद्रातून विष्ठा बाहेर येते आणि फळ घाण वास मारू लागते. छिद्र दिसल्यावरची फवारणी वाया जाते. अळी सालीआड सुरक्षित असते. फळ लिंबाएवढे झाले की त्यावर बटर पेपरची किंवा विरळ कापडाची पिशवी बांधणे हा घरच्या दहा-वीस फळांसाठी सर्वांत खात्रीचा उपाय. दोन फळे एकमेकांना टेकलेली असतील तर एक काढावे; अळी त्या सांध्यातून बेमालूम शिरते. किडलेली फळे झाडाखाली पडू देऊ नयेत आणि कंपोस्टातही टाकू नयेत.

तेल्या हा जिवाणूजन्य रोग. याची पहिली नोंद १९५२ मध्ये दिल्लीहून झाली. पानांवर आणि फळांवर तेलकट, पाणीदार ठिपके येतात, पुढे ते काळपट होतात आणि फळावर इंग्रजी ‘एल’ किंवा ‘वाय’ अक्षरासारख्या भेगा पडतात. उष्ण-दमट हवेत तो झपाट्याने पसरतो आणि छाटणीच्या कात्रीवरून एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. झाडे ओली असताना छाटणी न करणे, कात्री निर्जंतुक करणे, रोगट भाग जाळणे आणि रोप घेतानाच पाने निरखणे हे फवारणीइतकेच मोलाचे. मावा आणि पिठ्या ढेकूण यांवर पाण्याचा जोरदार फवारा किंवा निंबोळी अर्क पुरतो. अल्टरनेरिया बुरशीने फळ आतून काळे पडते. बाहेरून ते बहुधा धडधाकट दिसते, फक्त आकाराच्या मानाने हलके लागते.

काढणी

फूल ते फळ हा प्रवास वाण आणि हवेनुसार साधारण पाच ते सात महिन्यांचा. तोडल्यावर डाळिंब पिकत नाही, म्हणून घाई अंगाशी येते. आंबट तोडलेले आंबटच राहते. रंगावर विसंबू नये, काही वाण पिकल्यावरही फिकट पिवळे राहतात. पक्व फळाचा गोल गरगरीत आकार मोडतो: दाणे भरल्याने बाजू किंचित चपट्या होतात आणि कडा उमटतात. टोकावरच्या मुकुटाची पाकळीवजा टोके आत वळतात. टिचकी मारली तर खणखणीत आवाज येतो. फळ ओढून तोडू नये, सालीला भोक पडते. देठ कात्रीने कापावा.

सोलताना मुकुटाभोवतीची टोपी काढून, कडांवरून फक्त सालीपुरते चर पाडून फळ हाताने उकलावे. पाण्याच्या भांड्यात दाणे सोडवले तर ते तळाशी बसतात, पडदे वर तरंगतात आणि कपड्यांवर शिंतोडे उडत नाहीत. सालीतल्या टॅनिनचे डाग धुऊन जात नाहीत. लोखंडी सुरी तशीच ठेवली तर तिचे पातेही काळे पडते. तडकलेली फळे आधी संपवावीत. धड फळे ५ ते ७ अंश सेल्सिअसला दोनेक महिने टिकतात. या काळात साल सुरकुतते, चामड्यासारखी होते आणि फळ टाकाऊ वाटू लागते. उघडून पाहिले तर दाणे बहुधा रसरशीतच असतात.